देवमन खंडारेंचा हात आणि ज्योत्स्नाताईंचा माहितीपट

आदरणीय अध्यक्षा प्राचार्य रागिणीताई काळमेघ, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ज्योत्स्नाताई तायडे, आणि अमरावती-अकोल्याच्या माझ्या बंधुभगिनींनो,

ताईंच्या कामाबद्दल माझ्याआधी जाणकार बोलले. निवेदन नाही, प्रश्न नाहीत, माणसांच्या घरात महिनोन्महिने बसून जे घडेल तेच टिपायचं. असे माहितीपट आपल्या भागात त्यांनीच सुरू केले. मी सिनेमातली नाही. मी संध्या, त्यांच्या पहिल्या माहितीपटातल्या देवमन खंडारेंची मुलगी. काल ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "माझं कौतुक करू नकोस. बाबांचं काय झालं ते सांग." सत्कारमूर्तींचा शब्द मोडायचा कसा?

बाबा अकोल्याच्या जुन्या शहरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एक अख्खा हंगाम ताई कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत फिरल्या. बाबांचा डावा हात तेव्हा कापायला लागला होता. घराबाहेर आम्ही कोणाला कळू दिलं नव्हतं. वरातीच्या गोंगाटात एखादा सूर हुकला तर कोणाला कळतो? पण एका दुपारी घरी पाणी पिताना त्यांच्या हातातला पेला हिंदकळला, आणि कॅमेरा चालू होता. ताईंना ते दृश्य फार आवडलं. त्यांनी ते ठेवलं.

माहितीपट अकोल्यात दाखवला. टाळ्या पडल्या. बँडचे मालकही पाहायला आले होते. माणूस वाईट नव्हता, पण पुढच्या हंगामात त्यांनी बाबांना बोलावलंच नाही.

हे कळल्यावर ताई आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "हा माहितीपट मी आता कुठंच दाखवणार नाही."

बाबा म्हणाले, "काहून? माहं वाजवणं आता त्याच्यातच उरलं. थेबी बंद करता?"

"मग पेल्याचं दृश्य काढते."

"राहू द्या. खरं हाये थे. पण लोकाईच्या आदी मले दाखवाले पायजे होतं."

ताईंनी माफी मागितली. बाबा म्हणाले, "माफीचं मी काय करू, बाई?"

त्यानंतर बाबा नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यावर पहारेकरी झाले. वरातीत पुन्हा कधी वाजवलं नाही.

तेव्हापासून ताई प्रत्येक माहितीपट आधी त्यातल्या माणसांना, त्यांच्या घरी नेऊन दाखवतात. ते नको म्हणतील ते काढतात. बार्शीटाकळीच्या एका बाईंनी सगळाच नको म्हटलं, तर दोन वर्षांचं काम ताईंनी बाजूला ठेवलं. आज विद्यार्थी ही त्यांची पद्धत म्हणून शिकतात. मघाशी एका वक्त्यांनी या पद्धतीला दूरदृष्टी म्हटलं, तेव्हा ताईंनी मान खाली घातली. मी पाहिलं.

बाबांनी त्यांना माफ केलं का? मला माहीत नाही. गेल्या वर्षी बाबा गेले. ताई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "तितंच काहून उभ्या? आत या." मग त्यांना बाबांच्या माणसांत बसवलं, जेवू घातलं. माफ केलं असं आई म्हणाली नाही. ताईंनीही विचारलं नाही.

आयोजकांनी मला इथं उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. शालीच्या दिवशी हे बोलणं कोणाला खटकलं असेल तर मला सांभाळून घ्या. ताई, तुमची मात्र क्षमा मागत नाही. तुम्ही सांगितलंत, तेच बोलले.