चौघांनी मिळून बघण्यासारखं

नाही नाही, त्या बाईंना एकदा आमच्या सोफ्यावर आणून बसवायचंच आहे मला! मधोमध! एका बाजूला माझी थोरली, अठरा वर्षांची, दुसऱ्या बाजूला धाकटा, चौदाचा, समोर टीव्ही, आणि बाईंच्या हातात रिमोट द्यायचा... हं, लावा! काय लावायचं ते लावा! बघू तरी! कोण बाई म्हणताय? अहो, धाकट्याच्या शाळेतल्या समुपदेशक बाई. पालकसभेत आम्हाला पहिलीतल्या पोरांच्या खुर्च्यांवर बसवलं, गुडघे कानाला टेकलेत, आणि बाई मधाळ आवाजात म्हणतात, "मोठी मुलं दूर जातायत असं वाटतं ना? अगदी सोपं आहे हं. रोज एक तास त्यांच्याबरोबर छानशी मालिका बघा. एकत्र!" म्हणे एकत्र बघा! आणि आजूबाजूचे सगळे आईबाप माना डोलावतायत, जसं काही यांच्या घरात रोज तेच चाललंय.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही का ऐकलंत? खरं तर मी कुणाचं ऐकणारा माणूस नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं, बावीस वर्षं लोकांचे नंबर काढतोय, दिवसभर मी विचारतो, "आता बरं दिसतंय की मघाशी?" आणि लोक मुकाट्यानं उत्तरं देतात. पण तुम्हाला सांगतो, थोरली सहा आठवड्यांनी होस्टेलला जाणार होती. शिकायला. लांब. बॅगसुद्धा आणून झाली होती. आणि एक दिवस माझ्या डोक्यात आलं, की गेल्या चार वर्षांत ही पोरगी आणि मी एका खोलीत सलग अर्धा तास बसलेलो नाही. ती तिच्या खोलीत, धाकटा कानात इअरफोनची बोंडं खुपसून, बायको शाळेत गणित शिकवते म्हणून घरी पेपरांच्या गठ्ठ्यामागे, आणि मी... मी आपला आहेच. म्हटलं, जायच्या आधी रोजचा एक तास. जास्त मागत होतो का मी? सांगा ना!

पहिल्या दिवशी तिघांना सोफ्यावर गोळा करण्यातच पस्तीस मिनिटं गेली. एकाला हाक मारावी तर दुसरा उठून जातो! मग काय लावायचं? त्या टीव्हीत हजारो कार्यक्रम आहेत म्हणे. खाली जा, खाली जा, आणखी खाली जा, अंगठ्याला गोळा आला माझ्या. त्यात "संपूर्ण कुटुंबासाठी" असा एक खास कप्पा सापडला. उघडला, तर पहिलंच चित्र बोलणाऱ्या ट्रॅक्टरचं! थोरली शांतपणे म्हणाली, "बाबा, मला मतदानाचा हक्क आहे." ट्रॅक्टर बंद.

विनोदी लावलं. हसण्याचा आवाज टीव्हीतूनच येतोय, घरात सुतकी शांतता. धाकटा म्हणतो, "हे लोक कशाला हसतायत?" आता मला काय माहीत कशाला हसतायत! एकदाच मला खुदकन हसू आलं, तर तिघांनी वळून असं बघितलं की मी खोकलो. मग पडक्या घरांची दुरुस्ती करतात तो कार्यक्रम लावला. यात काय वाईट असणार? विटा आणि रंग! तर दहाव्या मिनिटाला बायकोची नजर टीव्हीवरून सरकली ती मागच्या भिंतीवर. ओल आलीये तिथे. "चार दिवसांत झाली हो त्यांची भिंत." मी छताकडे बघतोय. "आपल्याला सात वर्षं झाली." बंद केलं! मग म्हटलं प्राणी. प्राण्यांवर कोण काय बोलणार? सुंदर जंगल, सुंदर तळं, आणि निवेदकाचा तो कीर्तनकारासारखा आवाज... "आता नर हळूहळू मादीच्या जवळ येतो..." अहो, रिमोट उशीखाली! चौघं मिळून उशा उपसतोय, सापडला तर घाईत मी आवाजच वाढवला! वरच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्याकडे बघून हसले. म्हणे एकत्र बघा! कुणी काढली ही कल्पना? ज्यांनी काढली त्यांना मुलं आहेत का?

यात तीन आठवडे गेले. निम्मे दिवस! बरं, मी तरी हार मानतोय का? शेवटी एक मालिका मिळाली, खुनाची. बंदरावरच्या गोदामात एक कारकून मरून पडलाय, आणि वजनकाटेवाला, कारकुनाची विधवा, गावातला डॉक्टर, सगळ्यांवर संशय. अकरा भाग, एक दिवसाआड एक, बरोबर पुरले असते. पण पोळलो होतो ना! म्हटलं, आधी आपण बघून घ्यायचं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, तपासणीच्या खोलीत जायचं, हनुवटी टेकवायच्या त्या यंत्रावर फोन उभा करायचा, आणि नंबराच्या कागदावर टिपणं काढायची. कुठल्या मिनिटाला काय येतं आणि तेव्हा आपण काय करायचं. त्यातला एक कागद चुकून एका निवृत्त पोस्टमास्तरांना गेला हो! लिहिलं होतं, "एकोणिसावं मिनिट, खिडकीकडे बघणे." आठवड्यानं म्हातारबुवा हजर. मी घाबरलो. तर म्हणतात, "साहेब, रोज एकोणीस मिनिटं बघतो खिडकीकडे. डोळे काय हलके झालेत! आता मेव्हण्यालाही लिहून द्या." दिलं लिहून! काय करणार?

तर पहिले दोन भाग उत्तम गेले. अगदी दृष्ट लागेल असे. थोरलीनं पाय वर घेतले सोफ्यावर, धाकट्यानं एका कानातलं बोंड काढलं, एक तर एक! मी मनात म्हटलं, जमलं. आणि आला तिसरा भाग. त्यात बत्तिसाव्या मिनिटाला ती विधवा आणि तो डॉक्टर... असो. मला माहीत होतं, कारण कागद खिशात होता. एकतिसावं मिनिट लागलं आणि मी सहज उठलो, म्हटलं पाणी पिऊन येतो. स्वयंपाकघरात येतो तर फिल्टरशी बायको उभी! "गॅस बघायला आले." गॅस बंदच होता. तेवढ्यात धाकटा आला, "मला पण पाणी." आणि मागोमाग थोरली, हातात रिकामा ग्लास! चौघं त्या एवढ्याशा जागेत, कोपराला कोपर लागतंय, आणि तिकडे टीव्ही रिकाम्या सोफ्यापुढे चाललाय, व्हायोलिनं वाजतायत, डॉक्टर उसासे टाकतोय!

मी म्हटलं, "थांबा. तुम्हा सगळ्यांना आत्ताच कशी तहान लागली?"

 मग बायको म्हणाली, "अहो, मी आधीच बघून घेतली सगळी. इस्त्री करताना. मुलांपुढे भलतंसलतं नको." आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही! वीस वर्षांचा संसार! धाकट्याला विचारलं, तर तो म्हणतो, "मी मित्राकडे बघितलीये. आत्ता तुमच्यासाठी उठलो. असलं काही लागलं की तुमची तोंडं बघवत नाहीत." आणि थोरली? "पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात बघितली, बाबा." पूर्वपरीक्षेच्या! मी हिच्या खोलीबाहेर चवड्यांवर चालत होतो तेव्हा! वर म्हणते, "दोनदा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग इथे बसून नाटकं कशाला केलीत? परवा 'अरे बापरे' कोण म्हणालं?" तर ती म्हणाली, "तू इतका मान मोडून चिठ्ठ्या लिहीत होतास ना... सापडली एक मला तुझ्या खिशात. मग वाटलं, बसावं." आता यावर काय ओरडणार? आवाज वर काढला होता तो तसाच गिळला.

मग तीच म्हणाली, "पण तू कुठपर्यंत बघितलीयेस?" म्हटलं, चौथ्या भागापर्यंत. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे खून कुणी केला ते तुला माहीतच नाही?" नाही. अहो, काय खुलले चेहरे! चार वर्षांत या तिघांना एकाच गोष्टीचा आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि ती गोष्ट म्हणजे माझं अज्ञान!

तेव्हापासून कुणीही टीव्ही बघत नाही. माझं तोंड बघतात! धाकट्यानं खुर्ची उचलून टीव्हीशेजारी ठेवलीये, माझ्याकडे तोंड करून, दोन्ही बोंडं काढून! बायको पेपर बाजूला सारून बसते. मी जरा भुवई उचलली की कोपरखळ्या. मी म्हटलं, "हा वजनकाटेवालाच मला लबाड वाटतो," की तिघं लोळण घेतात. अपमान आहे हो हा! बावीस वर्षं लोक मला साहेब म्हणतात! म्हणे एकत्र बघा...

आणि आतली गोष्ट सांगू? कुणाला बोलू नका. खून त्या डॉक्टरनं केलाय. मला पाचव्या भागातच कळलं. तो फौजदाराला सांगतो, झटापटीत माझा चष्मा पडला, मला काहीच दिसलं नाही. आणि काच साधी! बिननंबरी! नंबर असला की काचेमागे गालाची कड आत सरकलेली दिसते, याची जागच्या जागी. मला फसवतो काय? ताडकन उठून सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात थोरलीनं माझा दंड धरला, डोळे चमकतायत, म्हणाली, "सांग ना बाबा, कोण?"

सहा भाग उरलेत. ती जायला अकरा दिवस. मी घसा साफ केला आणि छातीठोकपणे म्हटलं, "वजनकाटेवाला! लिहून देतो!" ती हसत हसत माझ्या खांद्यावर कोसळली, उठेचना. खांदा अवघडला माझा, पण हललो नाही. आता काय करता... अजून अकरा दिवस मला या घरात गाढव म्हणूनच राहायचंय.