अव्वाला न सांगितलेलं

माजं नाव तिप्पण्णा. तिप्पे म्हंजी कानडीत उकिरडा, आन् मला खरंच उकिरड्यावर टाकलं हुतं, हसायचं काम न्हाय. मी वळसंगचा. आमच्या घरात आधी कानडी, मंग मराठी, आईला आमी अव्वा म्हणतो. माज्या आधी अव्वाला तीन लेकरं झाली, तिन्ही पोरं, आन् तिन्ही बारसं झाल्यावर थोड्याच दिवसात गेली. मंग मी झालो तवा गावातल्या बायका म्हणल्या, हे पोर कुणाला नको झालंय असं दाखवा, म्हंजी सटवाईची नजर ह्याच्यावरनं फिरंल. म्हणून बारशाला मला सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं, शेजारणीनं उचललं, अव्वानं तिच्याकडनं पसाभर ज्वारी देऊन मला इकत घेतलं, आन् पोरीसारखं नाक टोचून त्यात तार घातली. सटवाई पोरगी समजून सोडून दील, असा हिशोब. काय सांगू तुमाला, आमचं गाव देवालाबी फसवायला बसलेलं.

आन् मी जगलो की. हे बगा, हे भोक अजून हाय. शाळेत पोरं मला मुरळी म्हणायची, लग्नात करवल्या हसल्या, मी मिशी वाढवून बघितली पर मिशीनं नाक झाकतंय व्हय? अव्वाला मातर त्या भोकाचा लई अभिमान. आल्या-गेल्याला माजं नाक धरून दावायची, म्हणायची, हे टोचलं म्हणून हे ऱ्हायलं. मी बाप झालो तरी दावायची.

गावात पोट भरंना म्हणून मी सोलापुरात आलो, मार्केट यार्डात बारदान शिवायच्या कामाला लागलो. कांद्याची पोती, तुरीची पोती, तोंड शिवायचं, पुढचं घ्यायचं. हातात दाभण, दाभण म्हंजी ही एवढी जाड सुई, सुतळी ओवायची. तर एकदा ते दाभण माज्या तळहातात आरपार घुसलं, गंजलेलं, मातीतलं. मुकादम म्हणला हळद लाव, पर हात सुजला तवा मी सरकारी दवाखान्यात गेलो. तितल्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं, म्हणली, हे न्हाय घेतलं तर धनुर्वात हुतो. मी म्हणलं धनुर्वात म्हंजी काय वो. तिनं सांगितलं की बाबा, जबडा बसतो, तोंड उघडत न्हाय, पाठ मागं वाकून अंग कमानीवानी हुतं, नुसता हात लावला, आवाज झाला तरी माणूस ताठ हुतो.

आन् मी तितंच खाली बसलो. सिस्टरला वाटलं सुईला भ्यालो. तसं नव्हतं. ते समदं मी लहानपणापास्न ऐकलं हुतं, अव्वाच्या तोंडनं, माज्या तीन भावांचं. पोरगं थान सोडतंय, तोंड मिटून घेतंय, पाठ मागं टाकतंय, उचलायला गेलं की लाकडावानी हुतंय. सटवाई अशी वाकवून नेती म्हणायची अव्वा. मी सिस्टरला इचारलं, तान्ह्या लेकराला हुतं का वो असं? ती म्हणली, हुतं की, घाण ब्लेडनं नाळ कापली, न्हाय तर काट्यानं कान टोचून वर राख-शेण लावलं की हुतं. आता आमच्या घरात बारशाच्या दिवशी बाभळीच्या काट्यानंच कान टोचायची रीत. माजी आज्जी टोचायची. वर चुलीतली राख न् शेण लावायची, जखम थंड पडती म्हणून. तिन्ही पोरांना तसंच केलं. मलाबी तसंच केलं, वर आनि नाकबी. मंग तू कसा वाचलास म्हणाल, तर मी सिस्टरलाबी तेच इचारलं, ती म्हणली सगळ्यांनाच हुतं असं न्हाय, नशीब तुमचं. म्हंजी बगा, कान टोचून तीन पोरं मारली, आन् चौथं मरू न्हाई म्हणून त्याला आनि एक भोक पाडलं.

हे मी अव्वाला सांगितलं न्हाय. बायकोला न्हाय, कुणालाच न्हाय. वरसं गेली. अव्वानं सटवाईला शिव्या देऊन जलम काढला, आन् माणसाला शिव्या द्यायला कुणीतरी लागतं की. ते काढून घेतलं तर तिच्या हातात काय ऱ्हातंय? असा इचार करून मी गप बसलो, आन् तवापास्न तिनं माजं नाक धरलं की मी कायतरी काम काढून उठायचो.

मंग माज्या लेकीचं झालं. महानंदा, दुधनीला दिलीया. तिचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, काचंच्या पेटीत ठिवलं, न्हाय वाचलं. मंग दुसऱ्यांदा दिवस ऱ्हायलं, पोरगी झाली, चांगली, गुटगुटीत. बाळंतपणाला आमच्याकडंच, सोलापुरात. अव्वा आता आमच्यापाशीच असती, ऐंशीच्या घरात, पर जीभ तिखट. तिनं पहिल्या दिवशी फर्मान काढलं, हिला उकिरड्यावर ठिवायची, कान-नाक टोचायचं. मी म्हणलं अव्वा, हितं उकिरडा कुटं धुंडू, रोज सकाळी गाणं वाजवत घंटागाडी येती. ती म्हणली वळसंगला चल, तितं एक म्हातारा हाय, अजून काट्यानं टोचतो. मी चिडलो, नको म्हणलं. तर महानंदाच डोळ्यात पाणी आणून म्हणली, बाबा, अव्वा म्हणती तसं करू द्या, एक गेलंय माजं, टोचल्यानं आपलं काय जातंय?

काय जातंय! मला म्हाईत हुतं काय जातंय. तोंडापतुर आलं हुतं, पर अव्वा समोर बसलेली, बाळाचं तळवं चोळत. मी एवढंच म्हणलं, टोचू, पर दवाखान्यात टोचू, डॉक्टरकडनं. अव्वा म्हणली, टोचायला डॉक्टर कशाला लागतोय, तुला काय आकडी आली? लई भांडली. शेवटी म्हणली, बरं, पर मी संगं येणार. मी व्हय म्हणलं. तितंच चुकलं बगा. तिला घरी ठिवायला पायजे हुतं.

डॉक्टरीणबाई तरणी, हसरी, लेकरांचीच डॉक्टर. पहिल्या खेपेला तिनं परतच लावलं, म्हणली पहिली इंजेक्शनं झाल्याबिगर मी हात लावणार न्हाय, आन् नाक तर आता न्हायच, लेकरू चमकी ओढून काढतंय, आत गेली तर जीव गुदमरतोय. अव्वा बाहेर येऊन बडबडली, हिला काय कळतंय. इंजेक्शनं झाल्यावर पुन्यांदा गेलो. बाईनं हात धुतलं, हातमोजं घातलं, पेननं दोनी कानांवर ठिपका दिला, लांबनं बघितलं सारखं आलं का, महानंदालाबी दावलं. सुई बंद पाकिटातली, आमच्या म्होरं फोडली. बाळ महानंदाच्या मांडीवर. एक टोचलं, दुसरं टोचलं, बारकी बारकी कुडी बसवली. पोरगी एक टाहो फोडून आईला प्याया लागली न् गप झाली. बाई म्हणली, तेल न्हाय, हळद न्हाय, राख तर न्हायच, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसायचं. मी म्हणलं सुटलो बाबा.

आन् बाई अव्वाकडं वळली. मायेनंच वळली, तिचा दोष न्हाय. म्हणली, आजी, तुमच्या काळात काट्यानं टोचायचे न्हाय का, वर राख लावायचे, किती लेकरं धनुर्वातानं गेली असतील, आन् लोक म्हणायचे सटवीनं नेलं. मी खोकलो. मी म्हणलं बाई, रिक्षा थांबलीया. पर अव्वानं खुर्ची घट्ट धरली हुती. म्हणली, धनुर्वात म्हंजी काय वो? बाईनं सांगितलं, शाळेत पोरांना सांगावं तसं सोपं करून. अव्वानं इचारलं, थान सोडतंय का? बाई म्हणली, व्हय आजी, पहिलं तेच. अव्वानं इचारलं, पाठ वाकती का? बाई म्हणली, वाकती. मंग अव्वा म्हणली, साकु. साकु म्हंजी पुरं. बाईला वाटलं आजी घरी जायचं म्हणत्यात, तिनं हसून दार उघडलं.

 घरी आल्यावर अव्वानं पाणीबी घेतलं न्हाय. समदे आत गेल्यावर मला म्हणली, तिप्पा, तुला म्हाईत हुतं? मी खोटं बोलाया पायजे हुतं, पर तिच्या तोंडाकडं बघून जमलं न्हाय. म्हणलं व्हय. म्हणली, कवापास्न? म्हणलं, हातात दाभण घुसलं तवापास्न. मंग ती जे म्हणली ते मला अजून झोपू दीना. म्हणली, तुजी आज्जी टोचायची, पर पोरगं हलू न्हाई म्हणून डोस्कं मी धरायची रं. माज्याच मांडीवर. तिन्हींचं.

मी साठीला आलेला बाप्या, मी लहान पोरावानी रडलो. ती न्हाय रडली. मी म्हणलं अव्वा, तुला काय ठावं हुतं, समदं गाव तसंच करत हुतं. ती म्हणली, गावाची पोरं न्हाय गेली, माजी गेली.

बाळाचं कान झ्याक बरं झालं, पू न्हाय, सूज न्हाय. महानंदा दुधनीला निघाली तवा रीतीपरमाणं बाळ अव्वाच्या मांडीवर द्याया गेली, अव्वानं हात मागं घेतलं, बेड म्हणली, नको. लांबनंच बघितलं. महानंदाला ते मांडीचं ठाऊक न्हाय, तिला वाटलं काट्यानं टोचलं न्हाय म्हणून रुसली. मीबी सांगितलं न्हाय. किती जणींना सांगत बसू?

आता अव्वा सटवाईला शिव्या देत न्हाय. कुणालाच देत न्हाय, एवढी तिखट बाई, गप झाली. तुमच्या घरात तान्हं असंल तर दवाखान्यातच न्या, देव त्याला शंभर वरसं देवो, पर घरात म्हातारी असंल तर तिला आत नेऊ नका, बाहेर बाकड्यावर बसवा, एवढं ऐका माजं. मी काय करतो, यार्डातनं आलो की तिच्यापाशी जातो आन् न इचारता तिच्या मांडीवर डोस्कं ठिवतो. ती हात लावत न्हाय अजून. पर ऊठ बी म्हणत न्हाय.