दुखरा गाल

दातांच्या दवाखान्यात म्हातारे सुतारबाबा गाल धरून कण्हत पहिला नंबर पटकावून बसले होते. सोंग झकास वठलंय, असं त्यांना वाटत होतं. शेजारी मायलेकी.

“आई, सगळ्यात मोलाचं काय वाटतं, ते उद्या वर्गात सांगायचंय.”

“सांग की, खरेपणा.”

“ते तुला वाटतं. मला काय वाटतं, ते शोधू दे ना!”

“शोध बाई.”

“आई, या आजोबांचा मघाशी डावा गाल दुखत होता. आता उजवा धरलाय.”

“गप! मोठ्यांना असं बोलतात का?”

“मग उद्या काय सांगू? खरेपणा, की गप्प बसणं?”

सुतारबाबांनी हात खाली घेतला.

“खरेपणाच सांग, पोरी. आणि आधी तू जा आत. मी कवळी न्यायला आलोय. दुखायला दात आहेत कुठे माझ्याकडे!”