गावदेवीचा चेहरा

आमी मूळ गव्हाणकडचे, मिठागरातली मानसं. आजा मिठागरात, बाप मिठागरात, आन मी आपला पयल्यापासून रंगात. भिंतीवर, टेम्पोच्या मागं, जिथं जागा दिसंल तिथं ब्रश मारायचा. मग फ्लेक्स आला, ब्रश गेला, कॉम्प्युटर शिकलो, करंजाड्याला गाळा घेतला, बॅनर, लग्नपत्रिका, हळदीचे फोटो, काय सांगू तुमाला, वाढदिवसाच्या एका बॅनरवर अख्ख्या गावाची तोंडं बसवायची म्हंजे खायचं काम नाय. आता तेपन गेलं. आता एआय आलं. गिऱ्हाईकच मोबाईलवर चित्र करून आनतंय आन म्हनतंय, तू फक्त प्रिंट मार. मग मीपन शिकलो, नायतर काय घरी बसू?

आन मग यंदाची जत्रा आली, गावदेवीची. तिचा बॅनर दरसाली माझा, मानाचं काम. आता आमची देवी म्हंजे दगड हाय, शेंदूर लावलेला, वर चांदीचे दोन डोळे. तोंड नाय, हात नाय. तिचा फोटो नीट यायला मी दरसाली देवळात बसून राह्यचो, उजेड कसा पडतो बघत. यंदा कंटाळा केला. खरं सांगतो, कंटाळाच. मशीनला लिवलं, आगरी गावाची देवी, शेंदरी, तेजस्वी. पानी पिऊन येतोय तवर देवी तयार. गोरीपान, नाकात नथ, चार हात, मागं समुद्र. एवढी सुंदर की मीच हात जोडले. लाज वाटते हो सांगायला.

बॅनर लागला आन गाव येडं झालं. बाया बॅनरच्या पाया पडायला लागल्या. कमिटीचे अध्यक्ष नारायनदादा, तेंनी मला स्टेजवर बोलवून शाल घातली, माईकवर म्हनले, देवीनं दर्शन दिल्याबिगर असं चित्र येनारच नाय. आन मी काय केलं? मान खाली घातली आन बोललो, तिचीच कृपा. घेतली ना शाल! जीभ कशी झडली नाय माझी.

मग मीटिंग झाली. देऊळ नवीन बांधायला घेतलंय, तर ठरलं की मूर्ती संगमरवराची, याच चित्रासारखी. मी इचारलं, आन दगडाचं काय? नारायनदादा म्हनले, ठेवू की मागच्या बाजूला, भांड्यांच्या कपाटाशेजारी. देवीला शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा, आय माझी बायांमधी बसलेली, ती माझ्याकडंच बघत व्हती. उठलो, सगळ्यांसमोर बोललो, अरे बाबांनो, मला काय दिसलं नाय, मी काढलंपन नाय, मशीननं केलंय, ते दर्शन-बिर्शन सगळं खोटं. वाटलं आता शिव्या पडतील, शाल काढून घेतील. काय नाय हो! एकजन म्हनला, मशीन तर मशीन, भारी हाय ना? आन हसले सगळे. त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तवा आय उठली, म्हनली, कौल लावा, तिलाच इचारा, नवी मूर्ती चालंल का. आमच्यात तसंच हाय, दगडाच्या दोन बाजूंना फुलाच्या कळ्या पान्यानं चिकटवायच्या आन इचारायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. सगळे देवळात गेलो. मी मनात नुसता घोकत व्हतो, आये डावी पाड, डावी पाड. पडली उजवी. जरापन थांबली नाय, लगेच पडली.

आता मूर्ती घडतेय. कारागीर मला फोटो पाठवतात, नथ बरोबर हाय का, डोळे बरोबर हायत का, मलाच इचारतात, आन मी बरोबर म्हनतो. मी कोन सांगनारा, पन म्हनतो. परवा आय देवीपुढं बसून शेंदूर कालवत व्हती, तर मी तिला बोललो, आये, ही हो कशी गं म्हनली? आय वर न बघता म्हनली, आय हाय ती, पोरांनी हट्ट केला तर नाय कशाला म्हनंल? तुजंपन भलंच करील ती. आन शेंदराचं बोट माझ्या कपाळाला लावलं. मला तिच्याकडं बघवंना.