सुभेदारांची जवसाची चटणी

मंडळी, सुभेदार गुलाबभाऊ माझे शेजारी. भाऊ गेले. त्यांच्या रिकाम्या ओट्यासमोरून मी आत्ता इथे आले, म्हणून बोलणं जड जातंय. पण गप्प बसणं त्याहून जड. कारण आपल्या फराळ समितीने आत्ताच जाहीर केलं, की यंदा दिवाळीला दिग्रसहून जवानांना जाणाऱ्या लाडवांच्या डब्यावर भाऊंचा फोटो छापणार.

लाडू? भाऊंच्या नावाने लाडू?

अहो, दरवर्षी याच व्यासपीठावरून ते हात जोडून सांगायचे, लाडू नका पाठवू. दरवर्षी आपण टाळ्या वाजवायचो. आणि लाडूच पाठवायचो!

भाऊ जिथे राहिले, त्या बर्फातल्या चौकीवर भूक मरते. जिभेची चव जाते. डबाबंद भाजी उघडली, की वासानेच पोट ढवळतं. चॉकलेट, सुकामेवा समोर असतो, खाववत नाही. भाऊ म्हणायचे, "मॅडम, तिथं जेवनं म्हंजे ड्युटी असते. अन् तुमचा लाडू? गोटा होते त्याचा! कुदळीनं फोडा लागते."

त्यांचा एक जोडीदार होता, दूर दक्षिणेतला. तो जेवेनासाच झाला. घास तोंडाशी न्यायचा, परत ठेवायचा. हवा खराब, खाली न्यायला हेलिकॉप्टर येईना. भाऊंनी शांतावहिनींच्या पार्सलमधली जवसाची चटणी काढली आणि त्याच्या खिचडीवर घातली. गड्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग त्याने ताट पुढे केलं, "और है?"

"मॅडम, तवा मले वाटलं, हा वाचला."

हे भाऊ दरवेळी सांगायचे. मी चिडून विचारायचे, "मग समितीला दरडावून का सांगत नाही?"

हसायचे. "तुमी आहा ना दरडावाले!"

आहे. म्हणून दरडावते आहे.

वहिनी समोर बसल्या आहेत. विचारा त्यांना. जवस, लाल मिरची, लसूण, मीठ. यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे? पण नाही! आपल्याला गोड पाठवायचं असतं, फोटो काढायचा असतो. ज्याच्या पोटात ते जायचं, त्याला कोणी विचारलं? एकाने न विचारता सांगितलं, वर्षानुवर्षं सांगितलं. आज त्याच्याच फोटोखाली आपण पुन्हा तेच करणार?

भाऊ, तुमचं दरडावण्याचं काम मी केलं. जय हिंद.

आता त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. जो उभा राहील, त्याच्या घरून एक बरणी चटणी. ज्यांना अजूनही लाडूच पाठवायचे आहेत, त्यांनी खुशाल बसून राहावं.