माणसाच्या डोक्यावरची रेघ

कर्जतच्या एसटी स्टँडवर पोशीरचे सहदेव पेंटर वहिनीशी बोलत होते. मागच्या बाकावरचे निवृत्त मास्तर, ऐकत नसल्यासारखं करून, सगळं ऐकत होते.

“खालापूरच्या कारखान्यात माणसांच्या जायच्या-यायच्या गेटवर चिनीत ‘माणूस’ लिवायचाय, वैनी. नुसते दोन फराटे, एकमेकाला टेकलेले.”

“मग सोपं हाय की!”

“तीस वर्षं मराठी बोर्ड रंगवलेत. हात थांबतो व्हय? वर रेघ मारलीच!”

“अगं आई! काम गेलं?”

“चिनी सायेब म्हणाला, डोक्यावर काय? मी म्हटलं, छप्पर. हसला. आज बिगर छपराचा दाखवला तरच काम.”

“सराव केलाव?”

“ही बघा वही.”

“भावोजी, समद्यांवर छप्पर हाय!”

“काय करू वैनी, एकबी माणूस उघड्यावर ठेववत नाय.”