लिंबाखालची जागा

सोनाली : आणि आबा, तंबूत गादी असते, उशी असते, दिवा पण असतो. सकाळचा चहा आणि पोहे तेच देतात.

धुळाप्पा : म्हंजे उघड्यावर झोपायचं आन वर पैसं मोजायचं? चाळीस वर्सं मेंढरांमागं उघड्यावरच झोपलो की. तवा लोक कुत्री सोडायचे अंगावर. आता तंबू ठोकून देत्यात व्हय?

सोनाली : हसा, हसा. पण यायचं. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून तुमच्या नातीनं, पूनमनं, डोकं खाल्लंय माझं. ह्यांनीही शनिवारची रजा टाकलीय. आई जाऊन पाच महिने झाले, तुम्ही ह्या उंबऱ्यातनं हललेला नाहीत.

धुळाप्पा : तुमी जावा. मी घर राखतो.

सोनाली : घर काय मेंढरू आहे, राखायला?

धुळाप्पा : थंडी लई असती तळ्याला.

सोनाली : काल म्हणालात डास असतात. परवा गुडघा दुखत होता. एक खरं कारण सांगा.

धुळाप्पा : कुटलं तळं म्हनलीस?

सोनाली : दहादा सांगितलं! आपलंच की, होटगीच्या पलीकडचं. दरसाल मेंढरं घेऊन उतरायचो तेच. आता बाग केलीय तिथं, घसरगुंडी बसवलीय. आणि गंमत ऐका, मी जागासुद्धा ठरवून टाकलीय. तो मोठा कडुलिंब आठवतो? त्याच्या बुडाशीच तंबू ठोका म्हणून सांगितलं मालकाला.

धुळाप्पा : लिंबाखाली?

सोनाली : मग! आईनं कधी बसू दिलं का तिथं? सगळं रान तापलेलं, एवढी गार सावली, आणि ही बाई चूल मांडणार कुठं, तर भर उन्हात. म्हणे, मुंगळं हायत. एक मुंगळा दिसला नाही मला जन्मात. बिरूदादा आणि मी रडायचो अक्षरशः. म्हटलं, आता तरी हौस भागवून घेऊ.

धुळाप्पा : फोन लाव त्येला. ती जागा नगं म्हन.

सोनाली : का?

धुळाप्पा : लाव म्हनतो न्हवं!

सोनाली : ओरडताय कशाला? काय चुकलं माझं? आईची आठवण म्हणूनच घेतली ना ती जागा?

धुळाप्पा : मुंगळं न्हवतं तितं.

सोनाली : मग?

धुळाप्पा : तुझ्या आदी एक झालं व्हतं. बिरूच्या पाठीवर. पोरगी. अकरा दिवसांची.

सोनाली : आबा...

धुळाप्पा : दुसऱ्या दिवशी बारसं करायचं व्हतं. ताप आला आन उजाडायला गार पडली. लिंबाखाली खड्डा मीच काढला, पहारीनं. वर दगड ठिवलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून.

सोनाली : आणि आम्हाला कुणी काहीच नाही सांगितलं? इतकी वर्षं?

धुळाप्पा : ऐक पुढं. मेंढरं उपाशी व्हती. तीनशे जीव, ती कुनासाठी थांबत न्हाईत. मी तुझ्या आईला म्हनलो, रडून झालं की ये. आन निगालो.

सोनाली : तिला एकटीला तिथं टाकून?

धुळाप्पा : व्हय. दिवस बुडताना आली. डोळं कोरडं व्हतं. भाकरी थापली, मला वाढली. परत कधी त्या पोरीचा शब्द काढला न्हाय. पर दरसाल तितंच उतरायचं म्हनायची, चारा असू न्हायतर नसू. मी वरडायचो, हितं काय ठिवलंय तुझं?

सोनाली : माहीत असून?

धुळाप्पा : माहीत असून, बाय. हीच जीभ. मेंढरं इकून हितं सोलापुरात आलो, तवापास्नं एकच मागितलं तिनं. एकदा तळ्याला न्ह्या मला. मी म्हनलो, पाऊस पडू दे, तळं भरू दे, मग जाऊ. तळं भरलं अवंदा. तीच न्हवती.

सोनाली : रडू नका, आबा. मी सगळं रद्दच करते. पूनमला सांगते काहीतरी.

धुळाप्पा : रद्द नगं.

सोनाली : तुम्ही याल?

धुळाप्पा : येतो. आता मागं मेंढरू न्हाय, घाई न्हाय. दिवस बुडस्तवर बसतो तितं. तू तंबू तेवढा लांब घे, तुझी आई चूल मांडायची तितं, उन्हात. आन त्या मालकाला सांग, लिंबाखाली कुनालाच जागा देऊ नगं. खुट्या लई खोल ठोकत्यात.

सोनाली : तो सगळ्यांना तीच देतो, आबा. कारण विचारील. काय सांगू?

धुळाप्पा : मुंगळं हायत म्हन.